सतरा नंबरचा निळा

६ जानेवारी, सोमवार
आज रुजू झाले! उदगीरला आईला फोन करून सांगितलं की तुझी स्वरूपा आता चाकणच्या कंपनीत केमिस्ट आहे, तर तिने आधी जेवलीस का विचारलं. मोशीत करिष्माबरोबर खोली घेतली आहे. ती पॅकिंग लाइनला आहे, नाशिककडची, बोलकी. बस वेळेवर मिळाली, चौकातली गर्दीसुद्धा आज गमतीची वाटली.

आमच्याकडे मोबाइलच्या आणि टीव्हीच्या पडद्यांना लागणारी चमकणारी पावडर बनते. मध्ये इरिडियम धातूचा अणू, भोवती सेंद्रिय कडी. लॅबचे प्रमुख निरंजन सरांनी एक बाटली दाखवली. साध्या उजेडात हळदीसारखी मळकट. मग यूव्ही दिवा धरला आणि ती अशी हिरवीगार पेटली की मी हसलेच. सरही हसले. म्हणाले, सात वर्षं झाली, मला अजून हसू येतं.

माझं काम टेस्टिंगच्या खोलीत. काळा पडदा, आत काचेचे चोवीस तुकडे सतत पेटवून ठेवलेले. पहिल्या दिवशीचा उजेड शंभर धरायचा आणि तो किती उतरला ते तासातासाला रजिस्टरमध्ये लिहायचं. माझ्या आधी रुपाली नावाची मुलगी हे करायची. आजारी पडून गेली म्हणे.

८ जानेवारी, बुधवार
लाल टिकतो, हिरवा टिकतो, निळा मरतो. या धंद्याचं सगळं दुखणं एवढंच आहे. निळे तुकडे महिन्याभरात निम्म्यावर येतात. फक्त सतरा नंबरचा निळा सप्टेंबरपासून पेटलाय आणि आजही शंभर. सर त्याच्याबद्दल स्वतःच्या मुलाबद्दल बोलावं तसे बोलतात. सतराच्या बॅचची पावडर विकत घ्यायला महिनाअखेर कोरियाची माणसं येणार आहेत.

भट्टीवरचे मीरासाहेबचाचा दुपारी पडद्यापाशी उभे राहिले. साठीचे, मितभाषी. म्हणाले, "बेटी, रीडिंग घे आणि बाहेर ये. त्याच्यासमोर बसू नकोस." का, ते सांगितलं नाही. खुर्ची मात्र तिथेच आहे, सतराच्या समोर, आणि दुसरीकडे जागा नाही.

१५ जानेवारी, बुधवार
थकवा. साडेतीनला सुटले, खोलीवर येऊन चपलांसकट आडवी झाले, करिष्माने हलवून उठवलं तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. हे रोजचंच झालंय. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. नवीन हवापाणी, म्हणाले.

काम तर काहीच जड नाही. बसायचं आणि लिहायचं.

२० जानेवारी, सोमवार
रजिस्टर मागे मागे चाळलं. आमची सुट्टी गुरुवारी. दर गुरुवारी सतरा नंबर पाचसहा अंकांनी उतरतो आणि शुक्रवारी मी येऊन बसले की दुपारपर्यंत वर चढतो. बाकीचे तेवीस कधी चढत नाहीत. चढूच शकत नाहीत, विझणारी वस्तू फक्त विझते.

रुपालीच्या अक्षरातल्या पानांवरही तेच. तिच्या रजेच्या दिवशी उतार, ती परतली की चढ. ३१ डिसेंबरला ती पडली. त्यानंतर सहा दिवस खोलीत कुणी नव्हतं, मशीनचे आकडे आहेत: ९४, ८८, ८१, ७५, ६८, ६१. मग ६ जानेवारी, दुपारी दोन, १००.

ती माझी पहिली दुपार.

सरांना दाखवलं. म्हणाले, शेजारच्या प्रेस मशीनमुळे व्होल्टेज हलतं. पण त्यांनी त्या पानाचा फोटो काढून घेतला.

आज रीडिंग १०४.

२३ जानेवारी, गुरुवार
सुट्टी. रुपालीचं घर मोशीतच, नदीकडे. दोनदा वाटेत बसावं लागलं. तिच्या आईने, सुमनताईंनी, दार उघडलं आणि माझ्याकडे बघून त्यांचा हात तोंडावर गेला.

रुपाली सव्वीस वर्षांची आहे. बाजेवर भिंतीला टेकून बसली होती. मनगटं उसाच्या चिपाडासारखी, डोळे उघडे पण कुठेच नाहीत. सुमनताई म्हणाल्या, "समदे रिपोर्ट चांगले हायत, बाई. दुखत न्हाई, खुपत न्हाई. पोरगी नुसती इझत चाललीया."

रुपालीने मला एकच विचारलं, किती आहे आता. मी १०४ सांगितलं. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"माझ्या वेळी शंभराच्या वर कधी न्हाई गेला," ती म्हणाली. मग थांबत थांबत सांगितलं की एकदा तिने त्याची वायर काढून टाकली होती. तरी तो पेटलेलाच राहिला. तिने घाबरून सरांना बोलावलं. सरांना आनंद झाला.

नोकरी सोडू का, विचारलं. ती म्हणाली, "मी सोडली न्हवं?"

२४ जानेवारी, शुक्रवार
चाचांना कँटीनच्या मागे गाठलं. रुपालीचं सांगितलं. त्यांनी हातातला चहा ओतून टाकला.

मग बोलले. सतराची बॅच ऑगस्टची. पावडर भट्टीत तापवून, हवा काढलेल्या नळीत तिचे स्फटिक करायचे, मध्येच थांबलं तर सगळी वाया. त्यांचा जावई दानिश भट्टीवर होता. दुसरा माणूस आला नाही म्हणून सरांनी त्याला थांबवून घेतलं. सलग तीन शिफ्ट, मग चौथी. तो सांगत राहिला की मला झोपू द्या, अर्धा तास तरी. सकाळी चाचा कामावर आले तेव्हा दानिश गरम भट्टीला टेकून बसलेला होता. अंग गार. नळी पूर्ण भरलेली, स्फटिक असे निळे की आजवर तसे कुणी पाहिले नव्हते.

सरांनी आधी नळी काढून घेतली, मग ॲम्ब्युलन्सला फोन केला.

"मी तिथेच उभा होतो," चाचा म्हणाले. "मी सरांना काही बोललो नाही. मदिनाला हे अजून सांगितलेलं नाही." मदिना म्हणजे त्यांची मुलगी. मग माझा हात धरून म्हणाले, तुझं रुपालीसारखं नाही होऊ द्यायचं.

रविवारी सकाळी आठला झेंडावंदन. सगळे मैदानावर असतील.

२६ जानेवारी, रविवार
केलं.

बाहेर राष्ट्रगीत चालू होतं. चाचांनी सतराचा तुकडा काढला, खलात घालून कुटला. पावडरीच्या सगळ्या बाटल्या आम्लात ओतल्या. ते रडत होते, दानिशला हाक मारत होते, सो जा बेटा, सो जा, असं म्हणत होते. तेवीस तुकडे बंद केले. मुख्य बटण बंद केलं. खोलीत मिट्ट काळोख.

मला वाटलं, संपलं. खरंच वाटलं.

मग लक्षात आलं की मला चाचांचा चेहरा दिसतोय. दाढीचा केस न् केस. निळा. ते माझ्याकडे बघत मागे सरकत होते, भिंतीला पाठ लागेपर्यंत—

मी माझे हात वर केले.

२७ जानेवारी, सोमवार
कामावर गेले नाही. उन्हात काही कळत नाही. पडदा ओढला की कळतं. ही ओळ पडदा ओढून लिहितेय. दिवा नको.

करिष्माला दाखवलं नाही. चाचा फोन उचलत नाहीत.

झोप येतेय. माझी नाही. माझी झोप मला माहीत आहे, ही फार जुनी आहे, चार शिफ्टची. झोपले की—

सकाळी रुपालीकडे फोन केला. सुमनताईंनी उचलला. नुसतं रडणं ऐकू आलं. काल सकाळी गेली. सव्वाआठला.

दुपारी
निरंजन सरांचा फोन. रागावले नव्हते. उलट आवाज फार मऊ. खोलीतला कॅमेरा बघितला म्हणाले. काळजी करू नकोस स्वरूपा, आराम कर, अजिबात दमू नकोस. कोरियाची माणसं आजच आली आहेत. त्यांना फक्त बघायचंय.

गाडी पाठवलीय म्हणाले.

खाली हॉर्न. करिष्मा गॅलरीतून हाक मारतेय, कंपनीची गाडी आली गं म्हणून. खुशीत आहे. जिन्यावर पावलं, दोघांची, तिघांची— पाय उचलत नाहीत. तिला ओरडून सांगायला हवं, दार उघडू न—