आजारपणाचे दिवस परत मिळाले

माय, या खेपेला सुट्टीवर घरी आले आणि दुसऱ्याच दिवशी तापानं पडले. चार दिवस गेले. मी जर्मनीत ज्या दवाखान्यात नर्स आहे, तिथं डॉक्टरचा कागद लगेच पाठवला तर सुट्टीतल्या आजारपणाचे दिवस सुट्टीत धरत नाहीत, आणि पगारही चालू राहतो. दादाला हे पटेना. कळमनुरीच्या डॉक्टरनंही कागद लिहिताना दोनदा विचारलं, इथला शिक्का तिकडं चालतो का? चालला. माझ्यासोबत शिकलेली मैत्रीण अमेरिकेत दुकानात काम करते. तिथं देशभराचा असा कायदाच नाही, ती खोकत कामावर जाते. ऐकून दादा म्हणाला, "म्हंजे आपल्या मायसारखंच."

तू डोंगरकड्याजवळच्या आश्रमशाळेत स्वयंपाकीण होतीस. खाडा झाला की त्या दिवसाचा रोज बुडायचा, म्हणून अंगात ताप असतानाही चुलीपुढं बसून तू भाकरी थापायचीस. मी अडवलं की माझ्यावरच डाफरायचीस. आजारपणाची रजा तू आयुष्यात एकदाच घेतलीस, तीही ठणठणीत असताना. शेजारणीजवळ तापाचा निरोप धाडलास, मला नवा फ्रॉक घातलास आणि दोन एसट्या बदलून आपण सिद्धेश्वरचं धरण बघायला गेलो. मला अजून दिसतंय, पाण्यावर ऊन आहे, तू पदरातल्या शेंगा सोलून मला देतेस, आणि समोरून वसतिगृहाचे सर बायकोसोबत येतात. तुझा हात थांबतो. मग तुझ्या ध्यानात येतं, निरोप देऊन आलेली शेजारीण सांगत होती, सरांनीही सकाळीच आजारी असल्याची चिठ्ठी पाठवलीय.

सरांनीच विचारलं, "ताप कसा हाय बाई?"

"उतरला सर. तुमचा?"

"माझाबी उतरून राहिला."

त्यांची बायको आधी हसली, मग आपण सगळेच. त्यांनी डब्यातल्या पुऱ्या आपल्यापुढं ठेवल्या. परतीच्या एसटीत तू खिडकीशी बसून एकटीच हसत होतीस. तुला इतकं मोकळं हसताना मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

आज वॉर्डाच्या मॅडमचा मेल आला. ते चार दिवस मी इथंच घेऊ का, विचारलं होतं. त्या हो म्हणाल्या. दादानं लगेच लेकींना बोलावून घेतलंय, घर भरणार आहे.

तू गेल्यावर ही चिठ्ठी कुठं टाकायची, ते काही मला माहीत नाही. पण एवढं लिहून ठेवते. धरणावर गेलो त्या दिवशी शाळेत माझा गणिताचा पेपर होता. मी तुला सांगितलंच नाही.