शौकतसाठी बिनदारूची बिअर

२ मे, शुक्रवार

शौकत जातोय! कायमचा. त्याची कंपनी दुसरीत विलीन झाली आणि त्याचं डिपार्टमेंटच खलास. दूध संपलंय हे सांगावं तसं सांगितलं त्याने, आमच्या बाल्कनीत बसून. "महीने के आख़िर में लखनऊ. ईद अम्मी के साथ."

मी म्हणालो, "अच्छा."

अच्छा! या परक्या देशात चौदा वर्षं समोरच्या दारात राहणारा माणूस, आणि माझ्या तोंडून निघालं काय, तर अच्छा. मुग्धा आतून ऐकत होती. तो गेल्यावर म्हणाली, "निनाद, तू ना, दगड आहेस."

३ मे

झोप नाही. दर शुक्रवारी बाल्कनीत आम्ही दोघं. माझ्या हातात बिअर, त्याच्या हातात लबन, म्हणजे इथलं ताक. इतक्या वर्षांत तो प्यायला नाही, आणि मी पितो म्हणून कधी तोंडही वाकडं केलं नाही. एकदाच विचारलं होतं, "इसका स्वाद होता कैसा है?" मला सांगताच आलं नव्हतं.

ठरलं. त्याला बिअर करून द्यायची. खरी— जवाची, कडू, फेसाची. फक्त दारूविना. दुकानातलं ते गोडमिट्ट माल्टचं पाणी नाही!

मुग्धा हादरली. "घरी? कोणी तक्रार केली तर डिपोर्ट होऊ आपण!"

समजावलं. जवाला मोड आणायचे, ते वाळवायचे, भरडायचे, गरम पाण्यात मुरवून गाळायचे, उकळायचे. यीस्ट घातलंच नाही तर दारू होतच नाही. गार झालं की सोडा मिसळायचा. म्हणजे सरबतच.

"मग सरबत दे ना. किंवा नुसतं बोल त्याच्याशी."

काय बोलू?

६ मे

सुपरमार्केटमधले जव तीन दिवस भिजवून बसलो होतो. हूं की चूं नाही. आज पाकीट वाचलं— सोललेले! त्यांना कसले मोड येणार?

ऑफिस सुटल्यावर रास अल खोरला गेलो. गोदामं हिंडून हिंडून शेवटी पक्ष्यांच्या दाण्याच्या दुकानात सालासकट जव मिळाले. दुकानदाराने विचारलं, "कबूतर कितने हैं?" म्हटलं, एकच आहे. लखनौचं.

११ मे

मोड आले!! मिहिकाच्या खोलीतला एसी सगळ्यात गार, म्हणून तिच्या टेबलावर परात ठेवली होती. "बाबा, इट स्मेल्स लाइक अ फार्म इन हिअर." अगं, तू शेत पाहिलंयस कधी?

आता ओव्हनमध्ये मंद आचेवर वाळवणं. घरभर भाजक्या बिस्किटांचा वास.

१७ मे, शनिवार

आज केली. निम्मे जव वापरले. कडूपणासाठी काडेकिराईत— आईने लहानपणी नाक दाबून पाजलेलं, तेच. धने. आणि इथलं काळं वाळकं लिंबू, लूमी, शौकतच्या घरी मटणात पडतं ते. रंग असा आलाय की उजेडात धरून बघत बसलो.

बाटल्या भरल्या. फ्रीजमध्ये जागा नाही! शौकतच्या नौशीनभाभी घर रिकामं करतायत, त्यांची सगळी लोणची, कबाब, गोठवलेले मटार आमच्याकडे. राहू देत ओट्याखाली. सोडा द्यायच्या दिवशी घालू.

२१ मे, बुधवार

बोंबललं सगळं.

मीटिंगमध्ये होतो. मुग्धाचा फोन— "ओट्याखाली स्फोट झाला!" ती सिलिंडर समजून पर्स घेऊन जिन्यापर्यंत पोचली होती. बाटलीचं बूच उडालं होतं. घरी येऊन बाकीच्यांची बुचं सैल केली. फुस्स! फेस. आणि वास... बिअरचा. खऱ्या बिअरचा.

मी यीस्ट घातलं नव्हतं. हवेतून आलं असेल, धुतल्या बाटलीतून, कुठूनही. वर किचनची उष्णता.

मिहिका म्हणाली, "सो यू ॲक्सिडेंटली मेड द रिअल थिंग." हसत सुटली. मुग्धा हसली नाही. आधी खिडक्या लावून घेतल्या.

एक घोट घेतला. देवा! आयुष्यात प्यायलेली सगळ्यात चांगली बिअर.

आणि हे फक्त इथेच लिहितोय— क्षणभर वाटलं, द्यावी तशीच. अर्धा ग्लास. त्याला काय कळणार? त्याने कधी चाखलीच नाही.

मग आठवलं, हा माणूस इतकी वर्षं आमच्याकडे जेवतोय आणि मटण कुठून आणलं हे त्याने एकदाही विचारलेलं नाही. निनाद आणतो म्हणजे हलालच असणार, एवढंच.

सगळ्या बाटल्या सिंकमध्ये ओतल्या. मुग्धा शेजारी उभी राहून नळ सोडत होती.  मग तिने माझ्या पाठीवर हात ठेवला.

२३ मे, शुक्रवार

शौकत तुळशीची कुंडी परत द्यायला आला— मुग्धानेच दिली होती त्यांना. दारातच नाक वर केलं. "ये क्या महक है?"

सांगून टाकलं. मोड, परात, स्फोट, सिंक, सगळं. अर्ध्या ग्लासचा विचारसुद्धा. का सांगितला कुणास ठाऊक! तो कुंडी हातात धरून तसाच उभा. मला वाटलं, संपलं.

"मेरे लिए जौ उगाए तूने? बिटिया के कमरे में?"

"हो. म्हणजे— हाँ."

कुंडी खाली ठेवली. डोळे पुसत हसायला लागला. मग म्हणाला, "माल्ट बचा है?"

"आधा."

"तो यल्ला, चल! लेकिन इस बार मेरे सामने. तेरा कोई भरोसा नहीं!"

२४ मे

दिवसभर दोघं त्यांच्या रिकाम्या किचनमध्ये. भांडी पॅक झालेली, म्हणून आमचं पातेलं तिकडे. तो ढवळतोय, मी गाळतोय. दोघांना एकच एप्रन, नौशीनभाभींचा, फुलाफुलांचा. आलटून पालटून घातला.

फारसं बोललो नाही. बोलायचं असं काही नव्हतंच. मस्त दिवस.

या वेळी बाटल्या तडक फ्रीजमध्ये. मटारांची हकालपट्टी.

३० मे, शुक्रवार

शेवटचा शुक्रवार. पहिल्यांदाच दोघांच्या हातात एकच पेय. बर्फासारखी गार, वर सोडा, बोटभर फेस. मुग्धा, नौशीनभाभी, मिहिका दारात उभ्या— परीक्षेचा निकाल असल्यासारख्या.

शौकतने बिस्मिल्ला म्हणून घोट घेतला. गिळला. बराच वेळ समोरच्या बिल्डिंगकडे बघत राहिला.

"चौदह साल से तू ये पी रहा है?"

"हाँ."

"शौक़ से?"

"हाँ!"

"पागल है तू."

सगळ्यांना हसू फुटलं! नौशीनभाभी खाली बसून हसत होत्या. त्याने ग्लास संपवला, आणि गुपचूप पुढे केला. "थोड़ी और."

उरलेल्या बाटल्या नेणार नाही म्हणाला. विमानात फुटल्या तर लखनौऐवजी जेल.

३१ मे

एअरपोर्ट. इथे लोक येतात, जातात. मी कितीतरी जणांना सोडून आलोय. हात हलवायचा, पार्किंगचं तिकीट शोधायचं, निघायचं. तसंच करणार होतो.

त्याने ट्रॉली ढकलली आणि मला काय झालं देव जाणे. मागे धावलो. मिठी मारली. ओरडूनच बोललो— "मेरा सगा भाई भी मुझे तेरे जितना नहीं जानता. तेरे बिना मैं यहाँ किससे बात करूँ?" लोक बघत होते. मी हमसून रडत होतो. एक्कावन्न वर्षांचा घोडा!

 त्याने घट्ट धरून ठेवलं.

गाडीत मिहिका पुढे शेजारी बसली. पहिल्यांदाच मराठीत म्हणाली, "बाबा, मी चालवू का?"

६ जून, शुक्रवार

बाल्कनीत गेलो नाही.

१० जून, मंगळवार

शौकतचा फोन. अबुधाबीत नोकरी मिळाली त्याला! एप्रिलमध्ये इंटरव्ह्यू दिला होता, उत्तरच आलं नव्हतं म्हणून कोणाला बोलला नव्हता. पुढच्या आठवड्यात येतोय. अबुधाबी म्हणजे कितीसं लांब, शुक्रवारी इथे आमच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये हजर!

मुग्धा आणि नौशीनभाभी दुसऱ्या फोनवर किंचाळतायत.  एअरपोर्टवर जे काही बोललो ते हा आता कधीच समोर बसणार नाही, असं धरून बोललो होतो. कसं तोंड दाखवू?

 मग तोच म्हणाला, "सुन. वो जो तूने उस दिन कहा था ना— वापस मत लेना."