दाराशी काढून ठेवलेले बूट

मी, कुसुम कुर्ट हेल्विग, विधवा, राहणार कोलोन, डोके ठिकाणावर असताना आणि कुणी भरीस घातले नसताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवते.

१. शिवणयंत्र शेजारच्या हेडविग क्राउस यांना. माझ्या फोडणीने त्यांचे पडदे पिवळे झाले, असे त्या नेहमी म्हणतात. त्यावर नवे शिवावेत.

२. बँकेतली शिल्लक आणि पुस्तके माझा भाचा श्रीनाथ, जो आखेनला शिकतो, त्यास. माझी शाळा चौथीत सुटली; जर्मन मी या पुस्तकांतूनच शिकले. समासातले पेन्सिलीचे अर्थ खोडू नयेत.

३. विमानाशेजारी उभ्या असलेल्या ह्यांचा फोटो थोरला भाऊ आत्माराम यास. लग्नाला आला नाही, पण पुण्यात "मेहुणा वैमानिक" सांगत फिरला. हे विमाने दुरुस्त करीत. बेचाळीस साली हातात बंदूक देऊन ह्यांना रशियात पायदळात धाडले. फोटोमागे मी तसे लिहिले आहे.

४. अशाच विमानदळाच्या माणसांच्या वस्तूंचे प्रदर्शन इथल्या संग्रहालयात भरले आहे. ह्यांनी रशियाहून आणलेले लोकरीचे बूट मी तिथे मांडायला दिले आहेत. दान केलेले नाहीत.

लग्नानंतर पहिल्या दिवशी मी म्हटले, "अहो, बूट दाराशी काढा." तेव्हा ह्यांनी दारातच सगळे सांगितले. रशियात एका म्हातारीने बूट असेच दाराशी काढून ठेवले होते. ह्यांनी ते घातले, तिला बाहेर काढले आणि घर पेटवले. ती बर्फात अनवाणी उभी होती.

हे सगळे सांगूनच मी बूट दिले. पाटीवर आले, 'आपल्या वैमानिकांचे हिवाळी बूट.' मी विचारले, तर तिथले साहेब म्हणाले, "फ्राउ हेल्विग, थंडी सगळ्यांनाच होती."

"तिलाही होती. तिचे नाव लिहा."

"काय नाव?"

ह्यांनी विचारले नव्हते. मीही ह्यांना कधी विचारले नाही. परतताना ट्राममध्ये मान वर करवली नाही.

श्रीनाथने पाटी बदलून मागावी: 'एका रशियन म्हातारीचे बूट. तिच्या दारातून उचललेले.' बदलली तर बूट तिथे राहोत. नाही तर परत आणून स्वतःच्या दाराशी ठेवावेत. "मावशी, लोक विचारतील," म्हणतो. विचारू देत. माझ्या नवऱ्याचे आहेत, असे मात्र सांगू नये. बुटांची तोंडे बाहेरच्या बाजूला असावीत, घालून निघता येईल अशी.

हे मी स्वहस्ते लिहिले व साक्षीदारांना वाचून दाखवले.

कुसुम हेल्विग
कोलोन, १४ मार्च १९६६

साक्षीदार:
दत्तात्रय पळसुले
उल्का पळसुले