दोघांनी मिळून उठायचं बाक

मी, खाली सही करणारा, वय एकोणपन्नास, धंदा सुतारकाम, शाळेतल्या सगळ्या पोरांचा सुतारमामा, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि राजीखुशीने लिहितो. डोकं ठिकाणावर आहे. नाही असं फक्त दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, म्हणतो. परवा पित्ताचा खडा काढायचा आहे. डॉक्टरीणबाई हसल्या, "अहो, एवढ्याशा खड्याला मृत्युपत्र?" म्हटलं, "खड्यासाठी नाही बाई, दादासाठी."

१. राहतं घर आणि बँकेतली शिल्लक बायकोची. मागचं दार पावसाळ्यात फुगतं. ते मीच बसवलं आहे, तेव्हा त्यावरून बोलायचं ते माझ्या फोटोला बोलावं.

२. शाळेतलं बाक. ते शाळेचं, माझं नाही, तरी इथे लिहितो, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. फळी लांब घेतली आणि पाय आखूड बाकाच्या मापाने ठोकले, ते फार आत आले. एका टोकाला एकटं कुणी बसलं की दुसरं टोक वर आणि बसणारा जमिनीवर. दोघांनी एकदम बसायचं, एकदमच उठायचं. मुख्याध्यापकबाई बाक परत पाठवायला निघाल्या, तर पोरांनी त्यावर बसायला रांग लावली.

बाक ठेवलं त्या वर्गात आमच्या वस्तीची मुलं खिडकीकडे बसत, पुलापलीकडची भिंतीकडे. त्यांची भाषा वेगळी, तोंडवळा वेगळा, देवाला हाक मारायची रीत वेगळी. तसं बसा असं कुणी सांगितलं नव्हतं. मोठ्यांचं बघून बसत. बाकाला मात्र सारख्या वजनाची जोडी लागे. आमची मुलगी टिचकी वर्गात सगळ्यांत हलकी. तिच्या तोलाची एकच निघाली, पलीकडच्या शिंप्याची मुलगी शिट्टी. पहिल्या दिवशी दोघी आपटत राहिल्या. दुसऱ्या दिवशी एकमेकींच्या भाषेत 'उठू?' एवढं विचारायला शिकल्या. त्यानंतर दोघी गप्प बसल्याचं मला आठवत नाही.

३. दादा मध्यंतरी म्हणाला, "टिचकीला आपल्या लोकांच्या शाळेत घाल. आज ती शिट्टी घरात येते, उद्या तिचं सगळं खटलं येईल."
"येऊ दे की. सुताराचं घर आहे, खुर्च्यांना तोटा नाही."
"चेष्टा करू नकोस."
"बरं, स्टुलं देतो."
माझ्यामागे दादा टिचकीला तिथून काढील, ही एकच धास्ती मला आहे. म्हणून लिहितो: तिच्या शाळेचा निर्णय तिची आई घेईल. सल्ला द्यायचा असल्यास दादा आणि शिंपी या दोघांनी मिळून द्यावा. एकट्याचा आला तर ऐकू नये.

४. रंधा, पटाश्या आणि गुण्या ही माझी हत्यारं, ज्यांवर दादाचा लहानपणापासून डोळा आहे, टिचकी आणि शिट्टी दोघींची. वाटणी करू नये. दुकानातल्या उरलेल्या लाकडाची शाळेसाठी बाकं करावीत. पाय आतच ठोकावेत, कुणी शहाण्याने बाहेर घेऊ नयेत. 'मैत्री करा' असं सांगून पोरं मैत्री करत नाहीत. त्यांची एकत्र आपटायची सोय करून द्यावी लागते.

५. माझ्यासाठी रडारड नको. रोज संध्याकाळी मी देवाचं नाव घ्यायला बसतो तेव्हा दुसऱ्या टोकाला तो आहे असं धरूनच बसतो. अजून पडलेलो नाही.

सही: सुतारमामा
साक्षीदार: १. दादा २. शिंपी
स्थळ: माझं दुकान. तारीख: शाळेच्या सुट्टीतला शेवटचा रविवार.

ता.क. बाक सुट्टीत पॉलिशला आलं होतं. दुकानात बसायला दुसरं काही मी मुद्दामच ठेवलं नाही. दादा तोऱ्यात आधी बसला आणि आपटला. शिंपी हसला नाही; त्याने दादाला हात देऊन उठवलं. मग दोघे एकदम बसले, मांडीवर पाट घेऊन सह्या केल्या आणि तसेच बसून राहिले. कोण आधी उठणार? दारात दोन्ही पोरी तोंडावर हात दाबून उभ्या. शेवटी दादाने टिचकीकडे बघितलं, तिने पुटपुटून दिलेला शब्द तोंडात घोळवला आणि शिंप्याला शिंप्याच्याच भाषेत विचारलं, "उठू?"

शिंपी आमच्या भाषेत म्हणाला, "बसा हो, घाई काय आहे?"