बेचाळीस प्रश्नांत पास झालेला एजंट

१ जानेवारी, बुधवार. सकाळी ६.४०
आजपासून मी प्रॉपर्टी इन्व्हेस्टर. रिटायर होऊन तीन महिने झाले, आराम पुरे. एक फ्लॅट घ्यायचा, भाड्याने द्यायचा, त्या जोरावर दुसरा घ्यायचा. पाच वर्षांत चार फ्लॅट. भांडवल हिचं, म्हणजे शाळेच्या नोकरीचा फंड. डोकं माझं. वाटणी योग्य आहे. हिला अजून सांगितलेली नाही.

सकाळी ७.३०
सांगितली. ही म्हणाली, घ्यायचाच तर तळमजल्यावरचा घ्या आणि आपणच राहायला जाऊ. आम्ही चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही, आईचे दोन्ही गुडघे गेलेले. चौदा महिने ती खाली उतरलेली नाही. शेवटची उतरली ती डोळे तपासायला, तेही दोन शेजाऱ्यांनी खुर्चीत बसवून उतरवली म्हणून. मी शांतपणे समजावलं की भावना वेगळी, इन्व्हेस्टमेंट वेगळी. माझ्या प्लॅनमध्ये आईचा तळमजला आहेच. चौथ्या नंबरवर. पाच वर्षं कळ काढायची. आई ब्याऐंशीची आहे.

३ जानेवारी
या धंद्यात सगळं एजंटवर असतं. एजंट पारखून घेतला की निम्मी लढाई जिंकली. चौतीस वर्षं आवक-जावक विभागात काढली आहेत, पाकीट बघून आतलं पत्र ओळखायचो. प्रश्नपत्रिका तयार केली. बेचाळीस प्रश्न, प्रत्येकी दोन मार्क, एकूण चौऱ्याऐंशी. टाइप करून तीन प्रती काढल्या. शेवटचा प्रश्न: आपण खोटं बोलता का?

मेव्हणा आला होता. यादी वाचून म्हणाला, अति शहाणा त्याचा बैल रिकामा. तो स्वतः भाड्याच्या घरात राहतो. पुढे बोलायला नको.

७ जानेवारी, मंगळवार
उमेदवार पहिला: एक बाई, झेरॉक्सच्या दुकानावर ऑफिस. पहिला प्रश्न विचारला तर उत्तर देऊन तिनेच मला विचारलं की घर कोणासाठी, राहणार कोण, घरात म्हातारं माणूस आहे का. माझे सहा प्रश्न होईपर्यंत तिचे अकरा झाले. मुलाखत कोण कोणाची घेतंय ते कळेना. शेवटी म्हणाली, काका, एक प्रश्न तुमच्या यादीत राहिलाय. एजंट कोणाचा माणूस आहे, विकणाऱ्याचा की तुमचा, ते सगळ्यात आधी विचारत जा. मी सांगितलं की यादी फायनल आहे, प्रती काढून झाल्यात.
काका म्हटल्याचे दोन मार्क कापले. एकूण ३१. नापास.

९ जानेवारी
उमेदवार दुसरा. एसी, मऊ सोफा. तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नाच्या मध्ये त्याने नऊ फोन घेतले. पंधराव्या प्रश्नाला उठून शटर अर्धं खाली ओढलं, तेव्हा मीही उठलो. २२ मार्क, त्यातले दोन एसीचे.

१३ जानेवारी, सोमवार
मिळाला! उमेदवार तिसरा. समोर बसताच मोबाइल बंद केला. प्रत्येक प्रश्नाला आधी म्हणायचा, बरोबर बोललात साहेब, आणि मग उत्तर द्यायचा. बेचाळिसाव्या प्रश्नाला म्हणाला, कधीच नाही. पूर्ण मार्क. ८४ पैकी ८२. दोन कापले, कारण सही करायला पेन माझं घेतलं.

विशेष म्हणजे त्याने मला काही विचारलं नाही. बजेट किती, कधी घेणार, कोणासाठी, काही नाही. याला म्हणतात विश्वास. फक्त एवढंच विचारलं की रविवारी सकाळी मोकळे असता का. मीही कच्चा नाही. आधीचे तीन फ्लॅट आहेत असं सांगून टाकलं. घरचा पत्ता दिला नाही, आडनावही नाही. इन्व्हेस्टरने पत्ते उघडे करायचे नसतात.

निकालपत्रक तिघांच्या फोन नंबरांसकट फ्रिजवर लावलं. पहिल्या आलेल्याला लाल पेनाने चौकट. हिने दूध काढता काढता वाचलं, बोलली नाही. म्हणजे पटलं.

१९ जानेवारी, रविवार
पहिला फ्लॅट. तिसरा मजला. एक तरुण जोडपंही बघायला आलेलं. एजंटने माझी ओळख करून दिली, हे मोठे इन्व्हेस्टर आहेत. मी बोटांनी भिंती वाजवल्या, नळ सोडून बघितले, वहीत नोंदी केल्या. मोठ्याने म्हणालो की असा उजेड हल्ली मिळत नाही, भाडेकरू धावत येतील. बायकोने नवऱ्याला कोपराने ढोसलं. नवऱ्याने एजंटला गॅलरीत नेलं. मी आठ दिवसांत विचार करून कळवतो म्हणालो. एजंट म्हणाला, निवांत साहेब, घाई कसली. किती सुसंस्कृत माणूस.

२० जानेवारी
फ्लॅट गेला. त्याच जोडप्याने घेतला. नवशिके भावनेच्या भरात घेतात.

२६ जानेवारी, रविवार
दुसरा फ्लॅट. या वेळी तिघं भाऊ बघायला आलेले. टेपने हॉल मोजला. संध्याकाळी कळलं, गेला.

२ फेब्रुवारी, रविवार
तिसरा. आम्ही जिन्यात असतानाच गेला.
माझ्या लक्षात एक गोष्ट आली आहे. मी ज्या फ्लॅटवर बोट ठेवतो तो विकला जातो. याला नजर म्हणतात. एजंटलाही ते मान्य आहे. म्हणाला, साहेब, तुम्ही नुसते उभे राहिलात तरी फरक पडतो. वही विसरू नका म्हणाला. मी टेपसुद्धा मोठी घेतली.

५ फेब्रुवारी
आईच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची टाकी दिसते आणि झाडाचा शेंडा. तिने विचारलं, खाली झाडाजवळचा बाक अजून आहे का रे? मी आहे म्हणालो. हिने नंतर स्वयंपाकघरात सांगितलं की तो काढून सहा महिने झाले. मी रोज त्याच्या शेजारून जातो.
ही म्हणाली, तुमचं चालू द्या, मी आणि भाऊ मिळून जरा बघतो. मी बघ म्हटलं. उंटावरून शेळ्या हाकून घरं मिळत नसतात, असंही ती म्हणाली. कोणाबद्दल ते कळलं नाही.

१६ फेब्रुवारी, रविवार
पाचवा फ्लॅट. गेला. पाच रविवार झाले, माझ्या नावावर अजून एक वीटही नाही. पण अनुभव जमतोय, आणि तो कोणी विकत घेऊ शकत नाही.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार. दुपारी ३
आज रविवार नसताना एजंटने बोलावलं. तळमजला. दोन खोल्या, मागे छोटं अंगण, अंगणात नळ आणि दुपारचं ऊन. उंबरा नाही. दाराला पायरी एकच, तीही बुटकी. बाथरूममध्ये दांडी बसवता येईल अशी भिंत. मी अंगणात थोडा वेळ उभा राहिलो. इथे खुर्ची टाकली तर, असं मनात आलं. कोणासाठी ते लिहायची गरज नाही.
मग हिशेब केला. तळमजला, दोनच खोल्या, भाडं कमी येणार. इन्व्हेस्टर म्हणून बसत नाही. वही मिटली.

संध्याकाळी ६
एजंटचा फोन. मोठ्याने बोलत होता, शेजारी कोणी असावं. साहेब, तळमजल्याचं तुम्ही किती द्याल? घ्यायचा नसला तरी बाजाराची नाडी बघायची हीच वेळ असते. मी म्हणालो, मालकाच्या आकड्यावर पन्नास हजार जास्त. नुसती चाल. तो म्हणाला, ऐकलंत ना? मी म्हणालो, मी कशाला ऐकू, मीच बोललो. तो म्हणाला, तुम्हाला नाही साहेब. फोन बंद.

२२ फेब्रुवारी, शनिवार
तळमजला गेला. एजंटने कळवलं की घेणाऱ्याने माझ्या बोलीएवढे पैसे दिले. बघा, मी एक वाक्य बोललो आणि बाजार हलला.
ही आणि मेव्हणा बाहेरून आले, दोघं खुशीत. ही म्हणाली, जरा बसा, सांगायचं आहे. मी बाजारविश्लेषण लिहीत होतो. उद्या म्हटलं.

२३ फेब्रुवारी, रविवार
हिने घर घेतलं. टोकन दिलं. तळमजला, दोन खोल्या, मागे अंगण, अंगणात नळ.

मी एजंट कोणता म्हणून विचारलं. फ्रिजवरचा, लाल चौकटीतला. मेव्हण्याने फोन केला होता. तुम्ही एवढी परीक्षा घेऊन निवडलात, मग आम्ही दुसरा कशाला शोधायचा, असं ही म्हणाली, आणि मनापासून म्हणाली. थोडे जास्त गेले, पन्नास हजार. कोणी वहीवाला इन्व्हेस्टर मध्ये पडला होता. फोनवरचा आवाज नीट ऐकू आला नाही, म्हणे, पण माणूस मोठा निगरगट्ट होता. आईसाठी घर हातचं जाईल म्हणून हिने तिथेच हो म्हटलं. बोलताना डोळ्यांत पाणी होतं हिच्या.

मी म्हणालो, असतात काही लोक. वही कपाटात ठेवली, कपड्यांच्या खाली.

२४ फेब्रुवारी
हिला सांगणार आहे. योग्य वेळ बघून.

१० मार्च
वेळ योग्य नव्हती. फ्रिजवरचं निकालपत्रक काढलं. हिने विचारलं, का काढलं? म्हटलं, जुनं झालं.

५ एप्रिल, शनिवार. सकाळी ११
किल्ली मिळाली. आईला चार मजले खुर्चीतून खाली आणली, या वेळी पुढून मेव्हणा आणि मागून मी. आई प्रत्येक मजल्यावर विचारत होती, पोचलो का? अंगणात खुर्ची टाकली. ती बसली आणि पाय उन्हात ठेवले. मी नळावर जाऊन दोनदा तोंड धुतलं. हे लिहायला हरकत नाही, डायरी माझी आहे.

तेवढ्यात एजंट उरलेले कागद घेऊन आला. मला बघून थबकला आणि म्हणाला, अरे, इन्व्हेस्टर साहेब, तुम्ही इथे? आज वही नाही आणली?

हिने त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग बराच वेळ माझ्याकडेच. मेव्हणा नळ चालू-बंद करून बघायला लागला. एजंट कागद ठेवून गेला, सही करायला पेन मात्र या वेळी स्वतःचं वापरलं.

आईने विचारलं, एवढं छान घर शोधलं कोणी?
ही म्हणाली, शोधलं मी, आई. किंमत तुमच्या मुलाने वाढवली.