शांतीच्या वाटेवर प्रा. खुटवड

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी ६.१०
नवी वही. ही रोजनिशी कुणी वाचावी म्हणून लिहीत नाही. वाचलीच तर हस्ताक्षराकडे लक्ष द्यावे.

सुलक्षणाला माहेरी वेल्ह्याला जाऊन आज तेरा दिवस झाले. कारण किरकोळ. भाजीत मीठ नव्हतं, तर मी आरडाओरडा न करता सभ्यपणे लेखी मेमो दिला. 'विषय : भाजीतील मिठाबाबत.' फ्रिजवर मॅग्नेटने लावला. त्यावर तिने बॅग भरली. जाताना दारात म्हणाली, "ज्या दिवशी वाटंल त्या दिवशी एक फोन करा, मी येते." मी का करू? जो ऑफिस सोडून जातो, त्याने आधी संपर्क साधायचा असतो. बावीस वर्षं बिझनेस कम्युनिकेशन शिकवतोय, मला प्रोटोकॉल कळतो.

जेवणाची अजिबात अडचण नाही. सकाळी पारले, संध्याकाळी कँटीनचे पोहे. पीठ कुठे ठेवलंय हे शोधण्यात बुद्धिमान माणसाने वेळ घालवू नये.

संकल्प : १) चिडायचे नाही. २) रोज चालणे. ३) फोन करायचा नाही.

त्याच दिवशी, दुपारी ४
चिडलो. पण कारण होतं.

कॅम्पसवर ९ ते १३ 'वेलनेस वीक' आहे. नोटीस वाचून करमणूक झाली. सोमवारी हास्ययोग. मंगळवारी 'श्वासाशी मैत्री'. बुधवारी 'मोबाईलपासून मुक्ती', ज्याची माहिती व्हॉट्सॲपवर आली आहे. गुरुवारी नाचणी. नाचणीवर तासभर बोलणारा माणूस पुण्याहून येणार! कामथडीत कुठल्याही घरात जा, नाचणी फुकट खायला घालतील आणि बोलणारही नाहीत.

हे सगळं आमच्या समुपदेशक सोनिया मॅडमचं डोकं. वय एकोणतीस. कॉरिडॉरमध्ये अडवून विचारतात, "सर, तुम्ही कसे आहात?" आणि विचारून पुढे जात नाहीत, उत्तराची वाट बघत उभ्या राहतात. काय ही पद्धत! मी सांगितलं, उत्तम. त्या म्हणाल्या, खरंच? मी म्हणालो, मॅडम, मला लेक्चर आहे. नव्हतं.

मंगळवार, ३ फेब्रुवारी
शुक्रवारचा समारोपाचा वक्ता गळाला. त्याचीच तब्येत बिघडली. वेलनेसवाला! मी केबिनमध्ये बसून पोटभर हसलो (हास्ययोग झाला, सोमवारी जायची गरज नाही).

मग विचार केला. घरात एवढा प्रसंग घडूनही जो माणूस शांत आहे, त्याच्याइतका शांततेवर बोलायला लायक कोण? सोनिया मॅडमकडे गेलो. शुक्रवार, १३ तारीख, सकाळी ११, मुख्य सभागृह. विषय माझा. मॅडम म्हणाल्या की, सर, तुम्ही स्वतः बोलताय याचा मला आनंद आहे, कधी नुसतं येऊन बसलात तरी चालेल. म्हणजे काय? यांना वक्ता आणि पेशंट यातला फरक कळत नाही.

सुलक्षणाला काही कळवायचे नाही. व्याख्यानाची बातमी वेल्ह्यापर्यंत आपोआप जाईल. ती येईल, मागे कुठेतरी बसेल, ऐकेल. ऐकल्यावर तिला स्वतःहूनच घरी यावंसं वाटेल. फोनची भानगडच नको.

गुरुवार, ५ फेब्रुवारी
फ्लेक्ससाठी नसरापूरला पप्पूकडे गेलो. चौकात त्याचं दुकान. वाढदिवस, दहावी पास, सरपंचपदी निवड, सगळं तोच छापतो. कलेच्या नावाने शून्य. एका फ्लेक्सवर बावीस शुभेच्छुकांचे बावीस चष्मे.

मी त्याला लेखी सूचना दिल्या. फोटो एकच, माझा. मोठा. रंगीत नको, काळा-पांढरा, कारण रंग म्हणजे उथळपणा. गॉगल नको, हसू नको. खाली एक ज्योत, ज्ञानाची. 'व्याख्यान' हा शब्द काढून टाक, वाचला की पोरं पळतात. विद्यापीठाचा लोगो नको, लक्ष विचलित होतं. मजकूर एवढाच : 'शांतीच्या वाटेवर प्रा. अमृत खुटवड. शुक्रवार दि. १३, सकाळी ११ वा., मुख्य सभागृह. सर्वांनी उपस्थित राहावे.'

पप्पूने वाचलं. डोकं खाजवलं. म्हणाला, "सर, जरा पिवळं टाकू का कडंनं? न्हाईतर लोकांना येगळंच वाटंल."
मी म्हणालो, वेगळंच वाटायला हवं.
"सर, घरच्यांना इचारलंय का?"
बघा! एक फ्लेक्सवाला मला विचारतो, घरच्यांना विचारलं का. आमच्या घरचं याला कुणी सांगितलं? मी तडक निघालो. दोन प्रती सांगितल्या, एक कॅम्पसच्या फाट्यावर, एक चौकात.

रविवार, ८ फेब्रुवारी
स्कूटरवरून चौकातला फ्लेक्स पाहून आलो. डोळ्यांत पाणी आलं. एका नेत्याच्या वाढदिवसाच्या आणि गाईच्या खाद्याच्या जाहिरातीच्या मध्ये मी. गंभीर. भव्य.

हेल्मेट असल्याने कुणी ओळखलं नाही, त्यामुळे लोकांची खरी प्रतिक्रिया बघता आली. एक ट्रॅक्टरवाला थांबला, टोपी काढली, हात जोडले. वरवे बुद्रुकच्या दोन बाया 'अरं द्येवा' म्हणाल्या. एकाने फ्लेक्सला झेंडूचा हार घातला. बावीस वर्षं वर्गात मी हा आदर शोधत होतो. तो नसरापूरच्या चौकात होता.

सोमवार, ९ फेब्रुवारी
हास्ययोग. खिडकीतून पाहिला. चाळीस माणसं उन्हात उभी राहून हा हा हा करत होती. सभागृह झाडणाऱ्या धोंडाबाई मावशीही त्यात. नंतर मला म्हणाल्या, "सर, या की तुमीबी, लई मोकळं वाटतंय." मी म्हणालो, मावशी, मी मोकळाच आहे. त्या "व्हय व्हय" म्हणाल्या. त्या 'व्हय'मधला सूर मला आवडला नाही.

चालणे : नाही (ऊन). चिडणे : तीनदा (सकारण).

मंगळवार, १० फेब्रुवारी
सोनिया मॅडमच्या पाच विद्यार्थ्यांनी 'श्वासाशी मैत्री'त रडून घेतलं, असं कळलं. श्वास घेताना रडतात! यांच्या पिढीला साधं नाक चालवता येत नाही.

उद्यापासून दोन दिवस घरीच. तयारी. कुठलाही मोठा वक्ता आधी एकांतात जातो. मोबाईल बंद. रजेचा अर्ज नंतर देईन, तपशील कळवत बसायला मी कारकून नाही.

बुधवार, ११ फेब्रुवारी
मौन. दाराची बेल तीनदा वाजली. उघडलं नाही.
भाषणाचं पहिलं वाक्य : 'मित्रहो, मी कधीच चिडत नाही.' आरशासमोर सोळा वेळा. सोळाव्या वेळी शेजारचा कुत्रा भुंकला, त्याच्यावर ओरडलो. वाक्य तसंच ठेवतो.

गुरुवार, १२ फेब्रुवारी
पुन्हा बेल. बाहेर बरेच आवाज. कुणीतरी म्हणालं, "कुलूप न्हाई, पर आतनं आवाज बी न्हाई." चाहते. प्रसिद्धी सुरू झाली की हे होतं. पारले संपले.

सुलक्षणा उद्या कुठली साडी नेसेल?

शुक्रवार, १३ फेब्रुवारी. संध्याकाळी ५
जे घडलं ते क्रमाने आणि कुणाचाही दोष न लपवता लिहितो. दोष पप्पूचा आहे.

मुख्य वक्त्याने उशिरा यायचं असतं, म्हणून अकराच्या कार्यक्रमाला मी ११.२५ ला पोहोचलो. पार्किंग भरलेलं. फाट्यापर्यंत मोटारसायकली, दोन टेम्पो. नाचणीला अकरा माणसं होती असं नंतर कळलं, हे इथे नोंदवून ठेवतो.

मागच्या दाराने स्टेजच्या पडद्यामागे गेलो. फटीतून पाहिलं. सभागृह खचाखच! माझे जुने विद्यार्थी, कामथडीचे, वरव्याचे लोक. बहुतेकांनी पांढरे कपडे घातले होते. वाटलं, शांतीच्या विषयाला किती समजून आलेत. सोनिया मॅडम माइकजवळ उभ्या होत्या, डोळे सुजलेले. त्या म्हणत होत्या की, नक्की काय झालंय ते आम्हालाही माहीत नाही, सरांचा फोन तीन दिवस बंद आहे, दारही कुणी उघडलं नाही. मला काही कळेना.

मग बारा वर्षांपूर्वीचा माझा विद्यार्थी सम्राट माइकवर आला. म्हणाला, "सर गेले, विश्वास बसत नाही." थांबला. माइकची उंची दोनदा कमी-जास्त केली. शेवटी म्हणाला, "सर वेळेचे पक्के होते."

त्यानंतर कुणी उठेना. एवढी माणसं, आणि कुणी उठेना. सगळे एकमेकांकडे बघत होते. शेवटी धोंडाबाई मावशी उभ्या राहिल्या. "मी काय सांगणार? सर वराडायचे लई. पर चपला कायम जोडीनं काढून ठिवायचे, येकाच रांगंत." आणि रडल्या. सोळा वेळा पाठ केलेलं माझं वाक्य मला आठवेना.

मग सगळे दोन मिनिटं स्तब्ध उभे राहिले. मला वाटलं आता पुढे जावं. मी पडद्यातून बाहेर आलो आणि म्हणालो, "बसा, बसा."

किंकाळी आधी डाव्या बाजूने आली. एक म्हातारे गृहस्थ खुर्चीसकट मागे गेले. सम्राटने मला हात लावून पाहिला. मी माइक घेऊन स्पष्ट केलं की मी जिवंत आहे आणि विषय 'शांती' आहे. त्यावर लोक उठले. जिवंत आहे कळल्यावर उठले! कुणी म्हणालं, "आर्धा दिवस मोडला की राव." सहा मिनिटांत सभागृह रिकामं. मी म्हणालो, 'मित्रहो, मी कधीच चिडत नाही,' आणि माइक आपटला.

राहिल्या तीन जणी. सोनिया मॅडम, मावशी, आणि शेवटच्या रांगेत सुलक्षणा.

ती खुर्चीवर नव्हती, खाली फरशीवर बसली होती. एका पायात तिची चप्पल, दुसऱ्यात तिच्या वहिनीची. केस विंचरलेले नव्हते. कुणाच्या तरी स्टेटसला फ्लेक्सचा फोटो बघून पहाटेची एसटी धरून आली होती. मी जवळ गेलो. काहीतरी बोलायला हवं म्हणून विचारलं, भाषण ऐकायला आलीस?

तिने वर पाहिलं. मग हळू आवाजात म्हणाली, "येक फोन करा म्हनलं होतं. फ्लेक्स कराया न्हवतं सांगितलं."

उठली. पदर झटकला. दीडच्या एसटीने परत गेली.

घरी येऊन मोबाईल चालू केला. 'ॐ शांती' १६३. एका विद्यार्थ्याचा मेसेज : 'सर गेले? कुठले सर?' सुलक्षणाचे मिस्ड कॉल ४१. म्हणजे आधी फोन तिनेच केला. प्रोटोकॉलप्रमाणे मी जिंकलो.

जिंकल्यासारखं वाटत नाही. भूक लागली असेल.

शनिवार, १४ फेब्रुवारी. दुपारी १२.३०
वेलनेस वीकचा अहवाल आला. सर्वाधिक उपस्थिती : शुक्रवार, २१४. उपक्रमाचं नाव 'सामूहिक दोन मिनिटे मौन'. फोटोही आहे, सगळे मान खाली घालून उभे. वक्त्याच्या रकान्यात रेघ. समुपदेशन केंद्राच्या वेळा खाली छापल्यात, सोमवारी १० ते १. त्या वेळेत मला लेक्चर नसतं, असं सहज लक्षात आलं.

धोंडाबाईंनी फ्लेक्स मागून नेला, शेळ्यांच्या गोठ्यावर टाकायला. "लई जाड हाय सर, पावसाळा निघंल. तुमचं त्वांड भाईरच्या अंगानं करते, आत केलं तर शेळ्या बुजत्यात."

फोन केला. केवळ माहितीसाठी. चौथ्या रिंगला उचलला. नुसता श्वास ऐकू येत होता. मी बावीस वर्षं शिकवतो की संभाषणाची सुरुवात उद्देश सांगून करावी.
विचारलं, "पीठ कुठंय?"
मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "डब्यात."
आणि ठेवला. एकूण एकोणीस सेकंद.

स्वयंपाकघरात जाऊन पाहिलं. फळीवर सारखे अकरा डबे आहेत. मी एकही उघडला नाही. कुठल्या डब्यात, ते विचारायला उद्या पुन्हा फोन करावा लागेल.