मामा, स्टेंटवर भागत नाही

हुडकेश्वर, नागपूर

तीर्थस्वरूप मनोहरमामा यांना,

बाबनचा साष्टांग नमस्कार. (आपल्यात मामाच भाच्याच्या पाया पडतो, हे मला ठाऊक आहे. समोरासमोर तुम्ही मला वाकूच देत नाही, म्हणून पत्रात उरकून घेतो.) तुमचे गुडघे काय म्हणतात? मामींचा खोकला थांबला का? इकडे देवाच्या कृपेने सगळे खुशाल आहोत, माझं हृदय तेवढं वगळून.

फोन सोडून पत्र लिहितो, कारण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ‘हो मामा’ म्हणतो. काल असंच ‘हो मामा, हो मामा’ करता करता, तुम्ही येईपर्यंत ऑपरेशनच्या कागदावर सही करणार नाही, असं कबूल करून बसलो. फोन ठेवल्यावर प्रेमिलाने माझ्याकडे असं पाहिलं, की छातीत पुन्हा कळ आली. आमच्या कंपनीच्या बसचा ड्रायव्हर देवाजी उद्या उमरेडला सासुरवाडीला चालला आहे, त्याच्या हाती हे पाठवतो.

मामा, तुम्हाला अर्धंच सांगितलं आहे. दोन नसा बंद आहेत, हे खरं. पण हृदयात एक गाठही आहे. बाबा पोटातल्या गाठीने गेले, तेव्हापासून आमच्या घरात हा शब्द कुणी काढत नाही. पिठल्यात गाठ झाली तरी प्रेमिला ‘गोळा झाला’ म्हणते. मग आईसमोर हे बोलायचं कसं? आम्ही दोघांनी ठरवलं, की फक्त ब्लॉकेज सांगायचं. नागपुरात ब्लॉकेज कुणाला नाही? ऐकणाऱ्याला त्यात काही वाटत नाही, उलट आपल्यातला एक वाढला म्हणून बरंच वाटतं.

ती गाठ मी पडद्यावर पाहिली. डावीकडच्या वरच्या कप्प्यात, बोराएवढी, एका देठावर लोंबते आणि ठोक्यागणिक झोका घेते. या जागी आपण देवाला बसवलं आहे, अशी माझी इतकी वर्षं समजूत होती. तिथे हे बिऱ्हाड कधी आलं, कळलंच नाही. (देवाला कळलं असणार. त्यानेच नसांचं दुखणं लावून मला तपासणीला पाठवलं, असं मी मानतो. ती गाठ स्वतः काही बोलली नसती.) डॉक्टर मॅडम म्हणाल्या, गाठ साधी आहे, कॅन्सर नाही, पण तिचा तुकडा सुटून मेंदूत गेला तर लकवा होईल, म्हणून थांबायचं नाही. ती नसेतून तार घालून निघत नाही, छाती उघडावीच लागते. मग उघडलीच आहे तर नसांचं बायपासही त्याच वेळी. मला लगेच पटलं. आमच्या हिंगण्याच्या कारखान्यातही मशीन एकदा खोलली की झिजलेलं सगळंच बदलून टाकतात.

पण हे मला पटून काय उपयोग? गाठ लपवल्यामुळे आता छाती उघडायचं कारण सांगता येत नाही. पाहायला येणारा प्रत्येक जण शहाळं आणि सल्ला घेऊन येतो. माझ्या शिफ्टमधला धम्मानंद म्हणाला, “काहून गा बाबन, दोन ब्लॉकेजसाठी छाती फाडून राहिले का? लुटून राहिले तुले! माह्या साळ्याच्या मनगटातून तार घालून स्टेंट बसवला, अन् तो तिसऱ्या दिवशी वरातीत नाचला.” शेजारच्या पुष्पलताबाई स्वयंपाकघरात जाऊन म्हणाल्या, “प्रेमिला वं, डॉक्टर बदल.” मी नुसता हसत बसलो. खरं सांगावं तर आई भिंतीपलीकडे, न सांगावं तर मी भित्रा नाहीतर मूर्ख. आणि आई सगळ्यांना एकच सांगते, “मनोहर येऊ द्या.”

तुम्ही आलात आणि डॉक्टर मॅडमशी भांडलात, की तारीख गेली. तुमचं बोलणं आपल्या नात्यात कुणी मोडलेलं नाही, मीही मोडणार नाही. तीच खरी भीती आहे. बाकी मन शांत आहे. झोप लागते, सकाळची पूजा होते, भाजीत मीठ नाही याची सवय झाली.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा,
बाबन

ता. क. : खरं काम आता लिहितो. भांडायला येऊ नका, आईला सांगायला या. तिच्या पाठच्या भावाने सांगितलं तर ती सोसेल. माझ्याने होत नाही.

पुन्हा ता. क. : वरचं काम रद्द. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात आई येऊन बसली. “मनोहरले गाठीचं लिहिलं का?” मी गार! म्हणे, रोज संध्याकाळी ती माळ ओढत असते तेव्हाच आम्ही दोघं तिच्या पाठीमागे हे सगळं बोलतो. माळ हातात असताना ती बोलत नाही, म्हणून तिला ऐकूही येत नाही, असं आम्ही धरून चाललो होतो. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? तर म्हणाली, “तू लपवून राहिला होता. लपवून तुले बरं वाटते, तर मी काहून बोलू?” आणि तुम्हाला का बोलावत होती? “तुले आत नेल्यावर माह्याजवळ कोणी बसाले पाहिजे ना गा.”

सही मी आत्ताच केली. मामा, डॉक्टरांशी बोलायची तयारी करून येऊ नका. मुक्कामाचे कपडे घेऊन या.